सकाळी खोटं बोलणारा सीडी प्लेअर

महागड्या यंत्राचा एक गुण मी आयुष्यभर सोसला आहे. ते दुरुस्तीच्या दुकानात कधीही बिघडत नाही. घरी ते तोतरं होईल, अडखळेल, भर गाण्यात मुकं होईल. पण रिक्षात घालून माझ्या टेबलावर आणून ठेवलं, की शाळेत साहेब तपासणीला आल्यावर वर्गातलं सर्वांत द्वाड पोर जसं हाताची घडी घालून बसतं, तसं ते शहाण्यासारखं गायला लागतं. मालक माझ्याकडे बघतो, मी मालकाकडे बघतो आणि मग आम्ही दोघं त्या यंत्राकडे बघतो. अशा वेळी त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. पण यंत्राला कान नसतात. कान मालकाला असतात, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

डहाणू स्टेशनजवळ माझं दुकान आहे. मिक्सर, पंखे, टीव्ही असं सगळं करतो, पण जीव रमतो तो सीडी प्लेअरमध्ये. "आता सीडी ऐकतं कोण?" असं लोक मला विचारतात. उत्तर सोपं आहे. हट्टी माणसं ऐकतात. वाणगावपासून तलासरीपर्यंत अशा हट्ट्यांचं एक छोटं मंडळच आहे आणि त्याचा बिनपगारी वैद्य मी आहे. यांच्या घरी चारचाकीच्या बॅटरीइतके जड प्लेअर असतात, आणि आवाज किंचित 'इकडचा तिकडे' झाला की यांना जेवण जात नाही.

यांच्या तऱ्हा काय सांगू! वाणगावच्या एका शिक्षक दांपत्याने दसऱ्याला यंत्रपूजा म्हणून प्लेअरचा खण उघडला, त्यात हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि मग बटण दाबलं. यंत्राने नैवेद्य आत घेतला. दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्याकडे आले ते रागावून. "पूजा केल्यापासून बंद आहे. जरा बघा." मी बघितलं. आतला नाजूक गिअर अक्षतांनी असा जाम झाला होता, की मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या बाकी होत्या.

पण आज सांगायचं आहे ते नरपडच्या नरहरीकाकांचं. त्याआधी धंद्यातली एकच गोष्ट समजावून सांगतो, म्हणजे पुढे अडणार नाही.

श्रावणात आपल्याकडे पोथी लावतात. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. सीडी प्लेअरच्या पोटातही हेच दोघे बसलेले असतात. पहिला तबकडीवरचे आकडे वाचतो, दुसरा त्या आकड्यांचा आवाज करतो. साध्या प्लेअरमध्ये दोघे एकाच खोक्यात राहतात. शौकीन मंडळींना मात्र ते मान्य नसतं. ते वाचणाऱ्याला वेगळं खोकं घेऊन देतात, त्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात. अर्थ सांगणाऱ्याला वेगळं घेऊन देतात, त्याला डॅक म्हणतात. आणि दोघांच्या मध्ये अशी एक वायर टाकतात, की तिची किंमत घरात कोणी कोणाला सांगत नाही.

आता वाचणाऱ्याची एक खोड आहे. एखादा शब्द दिसला नाही तर तो थांबत नाही. मागचा शब्द बघतो, पुढचा बघतो, आणि मधला अंदाजाने ठोकून देतो. हे इतकं सफाईने होतं, की शंभरातल्या नव्व्याण्णवांना पत्ता लागत नाही. यंत्र खोटं बोलतं, पण सभ्यपणे. एवढं ध्यानात ठेवा.

नरहरीकाकांची नरपडला चिकूची वाडी आहे, समुद्राच्या अगदी पाठीला. गावच्या भजनी मंडळात तेच पखवाज वाजवतात. वाजवतात म्हणजे मंडळाचे कान तेच आहेत. पेटीचा एखादा सूर भरकटला तर पेटीवाल्याला कळायच्या आधी काकांची भुवई वर जाते. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, ती किती लावायची हे ते हवा बघून ठरवतात. एका चांगल्या हंगामात त्यांनी मुंबईहून एक जुना, पण राजेशाही जपानी प्लेअर आणला. एकाच खोक्यातला. त्यावर ते रोज सकाळी पूजा आटोपली, की पखवाजाची एक सीडी ऐकतात.

त्यांचे व्याही अशोकराव तलासरीला राहतात. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे ट्रान्सपोर्ट वेगळा, डॅक वेगळा. इंटरनेटवर जगभरच्या शौकिनांशी त्यांचा वाद चालू असतो. कोणीतरी तिकडे लिहिलं, की सीडी रात्रभर गोठवली तर आवाज मोकळा होतो. तेव्हापासून तलासरीच्या त्या फ्रिजमध्ये दह्याला जागा उरलेली नाही. सीडीच्या कडेला हिरव्या पेनने रंग देतात. का, ते विचारू नका. मी विचारलं होतं, आणि त्या दिवशी माझं दुपारचं जेवण संध्याकाळी झालं.

एके दिवशी काकांचा फोन आला. "दिन्या, प्लेअर खोटं बोलतोय."

"म्हणजे काय होतं, काका?"

"थाप पडते ना, तिचा घुमारा मागे राहतो. त्या घुमाऱ्याची शेपटी कोणीतरी कुरतडतंय. उंदराने कुरतडावी तशी. बोल सगळे ऐकू येतात. शेपटी गायब."

मी दुपारी गेलो. प्लेअर लावला. शेपटी जागेवर होती, उंदीर गायब होता. यंत्र दुकानात आणलं, उघडलं, लेन्स पुसली, तेल दिलं, दिवसभर वाजवलं. गुणी बाळ! परत नेऊन दिलं. आठवड्यात पुन्हा फोन. पुन्हा आणलं. पुन्हा गुणी बाळ. मी लेसरची ताकद मोजली, मोटर तपासली, सुट्या तारा शोधल्या. पावसाळा सरला तरी आमची ही वरात डहाणू-नरपड, नरपड-डहाणू चालूच होती. रिक्षावाला म्हणाला, "दिनेशभाय, या खोक्याचा पास काढा."

घरातल्या कोणालाच ती कुरतड ऐकू येत नव्हती. मला तर नव्हतीच. मग हळूहळू, जसं होतं तसं, सगळ्यांचं लक्ष यंत्रावरून काकांवर गेलं. अशोकराव चहा पिता पिता म्हणाले, "नरहरीपंत, राग मानू नका. पण साठीनंतर वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. नॅचरल आहे."

काका कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम." हे ऐकून काका दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. 'वयाच्या मानाने' हा शब्द माणसाच्या कानात किती खोल जातो, हे त्या डॉक्टरांना कोणत्याही यंत्रावर मोजता येणार नाही.

मग एका संध्याकाळी काकांनी मला ओटीवर बसवलं. पखवाज समोर होता. त्याच्यावरून हात फिरवत म्हणाले, "दिन्या, मी ठरवलंय. यंत्रात दोष नसेल, तर तो माझ्या कानात आहे. आणि तसल्या कानांनी मंडळात बसायचं नाही. सप्ताहाच्या आधी पखवाज पुतण्याकडे देतो. चांगला वाजवतो पोरगा."

"काका, एवढं काय लगेच..."

"लगेच नाही. तू सांगशील तेव्हा. तुझा शब्द शेवटचा. यंत्र ठीक आहे असं म्हण, मी पखवाज उचलून देतो."

झालं! एका जपानी खोक्याची फिर्याद, त्यात न्यायाधीश मी, आणि शिक्षा कोणाला, तर काकांना. मी त्या खोक्याला मनातल्या मनात जे बोललो ते दिवाळी अंकात छापत नाहीत.

मंदाकाकी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. "दिनेश, काहीतरी कर रे," त्या म्हणाल्या. "पखवाज गेला ना, तर हा माणूस दिवसभर घरात बसेल आणि माझ्या भांड्यांचे सूर काढेल."

तेव्हा मी ठरवलं, की आता नाटक करायचं. यंत्रांची आणि कानांची एकदाच समोरासमोर परीक्षा. पडदा लावून. कोणतं यंत्र वाजतंय ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. नाव कळलं, किंमत कळली, की कान लगेच खुशामत करायला लागतात. आणि काकांनी एकच अट घातली. "सकाळी ये. पूजेनंतर लगेच. तू दरवेळी दुपारी येतोस, तोवर त्याने तोंड धुतलेलं असतं."

हे त्यांनी मला याआधीही सांगितलं होतं. पण सकाळी दुकानात पाणी तापवायच्या कॉइलपासून इस्त्रीपर्यंत सगळं येतं. असो.

रविवारी सकाळी अशोकराव गाडीने आले. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला ट्रान्सपोर्ट, त्याला पट्टा बांधलेला. विहीणबाई पुढे बसल्या होत्या, त्यांना पट्टा नव्हता. अशोकरावांच्या हातात बर्फाचा डबा होता.

काकी खूश झाल्या. "अगं बाई, पापलेटं आणलीत का, व्याहीबुवा?"

"सीडी आहे," अशोकराव म्हणाले.

काकींनी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाईंनी आकाशाकडे बघितलं.

काकांचा प्लेअर दिवाणखान्यात काचेच्या दारांच्या शोकेसमध्ये असतो. शेजारी देवघर. मी शोकेसच्या पुढे दोरी बांधून चादर टांगली. आत मी, दोन्ही यंत्रं आणि वायरींचा गुंता. बाहेर पाटावर काका आणि खुर्चीत अशोकराव. सगळ्यांना ताकीद दिली. बोलायचं ते वाजून झाल्यावर.

"एक मिनिट, दिनेशभाई," अशोकराव म्हणाले. "मशीन गरम व्हायला पाहिजे. हाय-एंड मशीन तासाभराने उमलतं. हे मी मागेच सांगितलेलं आहे."

"माझा पखवाज मांडीवर घेतला की उमलतो," काका म्हणाले. "लाव रे तू."

पहिल्यांदा मी काकांचा प्लेअर लावला, एकटा. थापा पडल्या.

"कुरतडतोय," काका म्हणाले. "हा माझा."

"सपाट वाटतो जरा," अशोकराव सावधपणे म्हणाले.

मग तीच सीडी अशोकरावांच्या जोडीवर लावली. त्यांचा ट्रान्सपोर्ट, त्यांचा डॅक.

"हा स्वच्छ," काका म्हणाले. "शेपटी शेवटपर्यंत आहे. पण जरा साहेबी वाजतो. पखवाजाने बूट घातल्यासारखा."

"अहो, त्याला स्टेज म्हणतात, नरहरीपंत! वादक समोर बसलेला दिसतो!"

आता खरी मेख. प्लेअरच्या पाठीमागे एक जागा असते, तिथून नुसती ओवी बाहेर काढता येते आणि अर्थ दुसऱ्याकडून सांगून घेता येतो. मी काकांच्या प्लेअरला फक्त वाचायला लावलं आणि आवाज अशोकरावांच्या डॅकमधून काढला. म्हणजे काकांचा वाचक, अशोकरावांचा निरूपणकार.

अशोकराव लगेच डोलले. "हा माझा! काय ती खोली!"

काकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग हळू म्हणाले, "आवाज ह्यांचाच आहे. बूट ह्यांचेच. पण उंदीर माझा आहे."

मी चादरीच्या वरून डोकं बाहेर काढणार होतो, पण स्वभाव आडवा आला. म्हटलं, आणखी एकदा. मी वायरी खडखडवल्या, बटणं टकटक केली, दोनदा खाकरलो आणि काहीही न बदलता तेच पुन्हा लावलं.

"हां, आता फरक पडला!" अशोकराव म्हणाले. "खालचा आवाज भरला. ही वायर चांगली आहे, दिनेशभाई, ही ठेवा."

"दिन्या," काका म्हणाले, "खाकरण्याशिवाय काय बदललंस?"

विहीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी चादर ओढून खाली टाकली आणि सांगून टाकलं. अशोकरावांनी एकदा माझ्याकडे, एकदा वायरीकडे बघितलं आणि तेही हसले. हे त्यांचं मोठेपण. "म्हणजे वाचणाराच चुकतोय," ते म्हणाले. "आणि नरहरीपंतांना ते दोन्ही खोक्यांतून कळतंय. कान शाबूत आहेत, व्याही. माझे शब्द मागे."

काका पाटावरून उठले, खिडकीपाशी जाऊन वाडीकडे बघत उभे राहिले. पाठ आमच्याकडे होती. पण ती पाठ सरळ झाली होती.

आता उरला माझा प्रश्न. वाचणारा चुकतो तो का? आणि फक्त सकाळीच का? मी ठरवलं, की हा आरोपी आज दुकानात न्यायचा नाही. इथेच, या जागी, अंगात ऊब यायच्या आत उघडायचा. शोकेसची दोन्ही दारं सताड उघडली, झाकणाचे स्क्रू काढले आणि लेन्सवर टॉर्च मारली. लेन्स मसुराच्या दाण्याएवढी असते. तिच्यावर पांढुरकी झाक होती, आरशावर उच्छ्वास सोडावा तशी. मी काका-अशोकरावांना बोलावलं. तिघांची डोकी त्या दाण्यावर वाकली. वर पंखा चालू होता. आणि आम्ही तिघं बघत असताना ती झाक कडेने विरत गेली आणि नाहीशी झाली. कोणी पुसली नाही, कोणी फुंकली नाही. लेन्स चकचकीत.

"भूत," अशोकराव म्हणाले. हे बँकेत अधिकारी होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकींचा आवाज आला. "अरे, त्या शोकेसची दारं लावून घ्या! माझा कापूर उडून जाईल!"

मी तिथेच उकिडवा बसलो. हातात टॉर्च, तोंड उघडं.

"काकी," मी म्हटलं, "उडून तो जातो कुठे?"

काकी पदराला हात पुसत आल्या. खालच्या कप्प्यात, प्लेअरच्या मागे, वाटीत भीमसेनी कापराचे चांगले मोठे खडे होते. "तूच म्हणालास ना, पावसात यंत्राला ओल धरू देऊ नका, मुंग्या होऊ देऊ नका?"

"मी पुड्या ठेवायला सांगितल्या होत्या, काकी! ओल शोषायच्या! डब्यात येतात त्या!"

"त्या पुड्यांवर 'खाऊ नका' असं लिहिलेलं असतं. असलं मी घरात ठेवत नाही. कापूर कसा, देवाचा आहे. दर आठवड्याला नवीन घालते."

तर रात्रभर बंद काचेआड कापूर हवेत मिसळायचा आणि थंड लेन्सवर बसायचा. सकाळी वाचणाऱ्याच्या चष्म्यावर धुकं. तो बिचारा दिसेल ते वाचायचा आणि दिसणार नाही ते ठोकून द्यायचा. तासाभरात यंत्र तापलं, की कापूर उडून जायचा आणि दृष्टी साफ. म्हणजे अशोकरावांचंही बरोबर होतं. हे हाय-एंड मशीन खरंच तासाभराने उमलत होतं! रिक्षात वारा लागला, की माझ्या दुकानात येईपर्यंत गुन्ह्याचा मागमूस नसायचा. आणि त्या घरात पाऊल टाकलं की कापराचा घमघमाट यायचा, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी समजत होतो, शेजारी देवघर आहे, देवाचा असेल.

लेसर मोजला, मोटर मोजली, तारा मोजल्या. नाक मात्र दुकानात ठेवून यायचो.

वाटी देवघरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. फोन नुसता प्लेअरच्या समोर धरला होता. फोनवर कसली शेपटी आणि कसला घुमारा! पण मी शेवटपर्यंत ऐकलं.

पखवाज अर्थातच पुतण्याकडे गेला नाही. आणि इथून पुढे माझी खरी फरपट सुरू झाली.

सप्ताहाचा शेवटचा दिवस. देवळापुढे मांडव भरलेला. ध्वनिव्यवस्था माझी. दोन्ही बाजूंना दोन मोठे कर्णे, गेली काही वर्षं तिथेच लावतो. भजन रंगात आलं, टाळ एका हाताने पडू लागले, आणि अचानक काकांनी पखवाजावरचा हात उचलला. पेटी थांबली. टाळ थांबले. सगळं गाव बघायला लागलं. पेटीवाल्याने स्वतःच्याच पेटीकडे संशयाने बघितलं.

"पेटी ठीक आहे," काका म्हणाले. मग मान वळवून, माइकमधून, सगळ्या नरपडला ऐकू जाईल असं म्हणाले, "दिन्या, तुझा डावा कर्णा खोटं बोलतोय."

"काका, कालच तपासलाय!"

"कुठे तपासलास? दुकानात?"

मांडवात जो हशा पिकला त्याचा आवाज कोणत्याही कर्ण्याविना शेजारच्या आगर गावापर्यंत गेला असेल. सगळ्यांत पुढे बसून हसणाऱ्यांत अशोकराव होते, खास तलासरीहून आलेले. ते मला ओरडून म्हणाले, "गरम होऊ द्या, दिनेशभाई, गरम होऊ द्या!"

मी शिडी मागवली. चांगल्या कपड्यांत, सगळ्या गावासमोर, वर चढलो. कर्ण्याच्या तोंडात टॉर्च मारली. आत अगदी खोल, घशापाशी, कुंभारमाशीने मातीचं सुबक घर बांधलं होतं. ओलं. नवंकोरं. मी स्क्रू ड्रायव्हरने ते काढलं आणि मातीचा तो गोळा हातात धरून शिडीवर तसाच उभा राहिलो. खाली काका पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापत होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी एक थाप मारली, मान तिरकी केली आणि तिची शेपटी विझेपर्यंत ऐकली.

"हं," काका म्हणाले. "आता उतर."